हरवलेले पावणेदोन मीटर

टेपवहिनीच्या पर्समध्ये आरसा नसतो, कंगवा नसतो, मोजायची टेप मात्र असतेच. कपाट घेण्याआधी दार मोजेल हे ठीक, पण ही कपाटवाल्यालाही मोजून घेईल, असं शेजारीपाजारी म्हणतात. सासूबाईंनी तर घरात टेप काढायला बंदीच घातली होती. "दिवसभर दगड मोजून मन भरत नाही का तुझं?"

दगड मोजणं हेच तिचं काम. टेकडीमागे चांदीच्या शोधात भोकं पाडत होते. ड्रिलमधून दगडाची गोल दांडकी निघायची, ती लांबट पेट्यांत ओळीने लावायची आणि किती खोलीवर काय लागलं ते वहिनीने शेडमध्ये बसून लिहायचं. पहिल्या भोकात चांदी लागली तेव्हा सगळ्यांच्या माना ताठ. दुसरं भोक दगडातल्या त्याच चांदीच्या शिरेवर, थोडं पुढे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला: काही नाही. साहेबांनी, म्हणजे तिथल्या मुख्य भूवैज्ञानिकांनी, गाशा गुंडाळायचं ठरवलं. शनिवारी ट्रक येणार, ड्रिल जाणार. ड्रिलवर होता वहिनीचा धाकटा दीर. म्हणजे एकाच ट्रकमध्ये घरातल्या दोन नोकऱ्या चढणार होत्या.

मंगळवारी वहिनी दुसऱ्या भोकाच्या पेट्या पुन्हा उघडून बसली. एकसष्ट ते चौसष्ट मीटरची पेटी अगदी भरलेली, देखणी. नको तितकी देखणी. फुटका कप जुळवावा तशी ती तुकड्यांची टोकं एकमेकांना लावत गेली आणि मग टेप काढली. खोदलं होतं तीन मीटर, पेटीत निघाला सव्वा मीटर. बसच्या बाकावर एकट्याने पाय पसरावेत तसे तुकडे ऐसपैस मांडले होते.

तिने दिराला गाठलं. "भाऊजी, पावणेदोन मीटर कुठे ठेवलेत?"

"वहिनी, आता माझ्यावरही टेप?"

"त्याच दिवशी वेगाचा विक्रम केलात ना? महिनाभर जेवताना तेच ऐकतोय आम्ही."

दिराने हातातला पाना दोनदा पुसला. "तिथे मऊ होतं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. पाणी जोरात सोडलं. पेटी अर्धी दिसायला नको म्हणून जरा पसरवली."

"मऊ काय होतं?"

"काळी माती. पाण्याबरोबर गेली वाहून."

वहिनीला आठवलं, पहिल्या भोकातली चांदीही अशाच काळ्या पट्ट्यात होती. फावडं घेऊन ती ड्रिलचं पाणी साठायच्या खड्ड्यात उतरली आणि तळाचा काळा गाळ डबाभर आणून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी आधी कागद बाजूला ओढले.

"गाळात काय वाटेल ते मिसळलेलं असतं. हा पुरावा नाही."

"नसू दे. पण प्रयोगशाळेत आपण उरलेला दगड पाठवला, साहेब. वाहून गेलेला नाही. अहवाल उरलेल्याचा आहे."

साहेबांनी तपासणीचं हातयंत्र डब्यावर धरलं. चांदीचा आकडा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा पाहिला. "शनिवारपर्यंत," एवढंच म्हणाले.

नवीन भोक जुन्याच्या शेजारी. दिराने पाणी कमी केलं, वेग कमी केला. झोपलेल्या बाळाजवळून चालावं तसं ड्रिल चाललं होतं. साठ मीटरनंतर तोच सगळ्यांना म्हणाला, "आता कुणी शिंकायचं नाही."

शुक्रवारी दुपारी ड्रिलची नळी उघडली. आत काळी, चकचकीत, अखंड माती. वहिनीने टेप लावली: एक मीटर ऐंशी. हातयंत्राचा आकडा असा आला, की साहेबांनी यंत्रच बिघडलं समजून दुसरं मागवलं. दुसरंही तसंच बिघडलेलं निघालं.

शनिवारी ट्रक आला, ड्रायव्हर चहा प्यायला आणि रिकामाच परत गेला. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेनेही मान्य केलं: पहिल्या भोकाच्या तिप्पट चांदी.

त्या दिवशी जेवताना दीर रंगात आला होता. "वेगात कुणीही जाईल. तासाला वीतभर जाऊन दाखवायला हात लागतो हात!"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "सूनबाई, काढ तुझी टेप. हा किती फुगलाय ते एकदा मोजून टाक."