विकून टाकलेली बिअर

दुपारी परमिट रूममध्ये शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाने ग्लास तिरका धरून हळूहळू लागर बिअर ओतली, आणि माझ्यासमोर बसलेला मिलिंद बोलता बोलता थांबला. ती बिअर मूळची त्याची. गावाबाहेरच्या लहानशा शेडमध्ये त्याने ती बनवली, पुढे नाव आणि कृतीसकट एका मोठ्या कंपनीला विकली. आता ती कुठल्याही वाइन शॉपमध्ये मिळते. पण विकल्यापासून त्याने तिला तोंड लावलं नव्हतं.

"मागवू या?" मी विचारलं.

"नको रे. पाणी करून टाकलं असेल तिचं."

तरी मी मागवली. जे सगळीकडे मिळायला लागतं ते बिघडलेलंच असणार, असं आपण किती सहज धरून चालतो! आणि ते खरं निघेल म्हणून घाबरतोही. मिलिंदने एक घोट घेऊन तोंडात घोळवला. मला त्याच्याकडे बघवेना.

"तशीच आहे," तो म्हणाला. "शेवटी येणारा कडवटपणासुद्धा ठेवलाय त्यांनी."

त्याचे खांदे सैल झाले. पुढचा घोट त्याने पारखला नाही. खारे शेंगदाणे पुढ्यात ओढले आणि नुसता तहानलेल्या माणसासारखा पीत राहिला.