कर्नलच्या वजाबाकीत

मी कर्नलवर काम करतो हे ऐकून सासूबाईंना बराच काळ वाटायचं, जावई लष्करात कुणाच्या तरी हाताखाली आहे. मीही तो गैरसमज लगेच दूर केला नाही. यंत्राच्या आतला कारभारी प्रोग्राम, कोणाला किती मेमरी दिली आणि कोणी परत केली याचा हिशेब ठेवणारा, एवढंच ते. ऐकायला लष्कर बरं.

आमची कंपनी सोसायट्यांच्या गेटवर बसवायचं कॅमेऱ्याचं यंत्र बनवते. हाटकेशच्या एका सोसायटीतलं यंत्र सारखं बंद पडायचं. चौकीदाराचा फोन यायचा, "साहब, मशीन फिर सो गया." म्हणून तसंच एक यंत्र मी जेसल पार्कच्या घरी आणून डायनिंग टेबलावर मांडलं. बायको मांडीवर ताट घेऊन भाजी चिरू लागली.

कर्नलच्या हिशेबात मेमरी संपत आलेली दिसायची. चालू प्रोग्राम मोजले, तर कोणाकडेच एवढी नव्हती. मी ठरवून टाकलं की कॅमेऱ्याचा कोड घेतलेली मेमरी परत करत नाहीये. तो कोड नाशिकहून काम करणाऱ्या सहकारी बाईंचा. मीटिंगमध्ये मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघते. तुम्ही पुरावा पाठवा."

पुराव्यासाठी मी कर्नलमध्येच पाळत बसवली. कोणीही मेमरी घेतली की त्याची नोंद व्हायची. दुपारपर्यंत आकडा पूर्वीपेक्षा भराभर चढायला लागला. मी खूश होऊन स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं, 'सापडला.'

त्यांचा फोन आला. "एक विचारू? या नोंदी ठेवायला मेमरी कुठून घेताय?"

मी पाळतीचा कोड उघडला.

"आणि जुन्या नोंदी पुसताय ना?"

पुसत नव्हतो. पाळत ठेवणाराच सगळं खात होता, आणि तो मी होतो. बायकोने विचारलं, "काय झालं रे?" म्हटलं, "नेटवर्क गेलं." माझा चेहरा पाहून तिने पुढे विचारलं नाही.

मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, मूळ दुखणं अजून आहेच. बसू या." मग स्क्रीन शेअर करून आम्ही कर्नलच्या कोडमधलं एकेक फंक्शन वाचत गेलो. शेवटी एका ओळीवर त्याच थांबल्या. मेमरीची पानं, म्हणजे तिचे ठरावीक तुकडे, एकगठ्ठा दिली की वापरलेल्या मेमरीच्या हिशेबात सगळी मिळवली जायची. गठ्ठा परत आला की मात्र एकच पान वजा व्हायचं. कोड आम्हा दोघांच्या आधीचा.

"म्हणजे मेमरी गेलीच नव्हती," मी म्हणालो.

"नाही. सगळी जागच्या जागी होती. कर्नल उगाच घाबरून प्रोग्राम बंद पाडत होता."

एका ओळीची दुरुस्ती. ती टाइप मी केली, एवढा मान त्यांनी मला दिला. सोबत कारण लिहायचं असतं, ते मी दोन पानं लिहिलं. त्यात माझी शंका होती, माझी चिकाटी होती आणि पाळतीच्या प्रकरणाचं अत्यंत सभ्य वर्णन होतं. तपासायला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी दोन वाक्यं ठेवून बाकी सगळं काढलं.

दोन्ही वाक्यं अचूक होती. त्यांत मी कुठेही नव्हतो.