खाली काही नव्हतं

बहात्तरच्या दुष्काळात माझी पोस्टिंग शेवगावजवळच्या एका कच्च्या धावपट्टीवर होती. मी सिग्नलचा हवालदार. एक तंबू आणि एक रेडिओ सेट, एवढाच कारभार. सरावाच्या दिवसांत तोफखान्याचं छोटं विमान तिथे उतरायचं.

धोका हरणांचा होता. काळविटांचा कळप थेट पट्टीवर येऊन बसायचा. ती हाकलायला गावातले याकोबमामा रोजंदारीवर चौकीदार म्हणून ठेवले होते. रविवारी ते चर्चची घंटा वाजवत, इतर दिवशी इथे पत्र्याचा डबा. विमान यायच्या आधी मी विचारायचो, "मामा, खाली काय?" ते म्हणायचे, "खाली काय न्हाई." मग मी सेटवर 'स्ट्रिप क्लिअर' सांगायचो.

पुढे गुरं मरायला लागली. लोक मेलेली जनावरं पट्टीच्या टोकाला, ओढ्यात टाकू लागले. मी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं, ही सिव्हिलची बाब आहे. गिधाडांना हे कुणी कळवलं नाही.

त्या सकाळी ०९४० वाजता कॅप्टन मेनन सेटवर आले. पाच मिनिटांत उतरतो, चहा ठेव म्हणाले. हरणं पट्टीवरच होती. मामांनी डबा बडवून ती पळवली.

"मामा, खाली काय?"

"खाली काय न्हाई. पन सायेब, वर..."

"खालचं विचारलंय. तेवढंच सांगा."

मी सेटचं बटण दाबलं.

"स्ट्रिप क्लिअर. ओव्हर."

"रॉजर."

डब्याच्या आवाजानं ओढ्यातली गिधाडं उठली होती. त्यातलं एक उतरत्या विमानाची समोरची काच फोडून आत घुसलं. विमान ओढ्याच्या दरडीवर आदळलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा कॅप्टन गेले होते.

चौकशीत मला विचारलं, चौकीदारानं पक्ष्यांबद्दल काही सांगितलं होतं का? मी म्हणालो, "नो सर." शब्दशः ते खरंच होतं. मामांना त्याच दिवशी काढलं.

जाताना त्यांनी डबा माझ्या तंबूपाशी ठेवला. तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "वर गिधाडं हाईत, येवढंच सांगायचं हुतं."

रविवारी गावातून घंटा ऐकू आली. नेहमीपेक्षा बराच वेळ वाजत होती. कॅप्टनसाठी होती, हे मला नंतर कळलं.

मेनन सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचं नाव रेजिमेंटच्या दगडावर कोरलंय. मी दर वर्षी तिथे जाऊन सॅल्यूट करतो. मान वर करायची मला लाज वाटते.