बारा सारख्या रेघा

“आवाज लाकूडमा शे का तारमा, इतलंच माले देखनं शे,” कौतिकनाना एकदा म्हणाले होते. तेव्हा त्यांच्या मांडीवर सागाची एक फळी होती आणि तिच्यावर अजून एकही तार नव्हती. बोटाच्या पेराने ते फळीवर टकटक करायचे आणि कान जवळ नेऊन थांबायचे. आत कुणी असेल तर उत्तर देईल, अशा बेताने.

जळगावच्या मेहरूणला तलावाच्या अंगाला आमची घरं समोरासमोर होती. नाना सुतार, मूळ धुळ्याकडचे. खाटा, चौकटी, देव्हारे करत. तरुणपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत खिडक्या दुरुस्त करताना त्यांनी एका ख्रिस्ती गार्डाला व्हरांड्यात गिटार वाजवताना पाहिलं होतं. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादाची कांडी. कांडी तारेवरून सरकली तसा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालत गेला, मध्ये कुठे तुटला नाही. पेटीचा सूर उडी मारतो, हा चालतो, एवढं नानांनी टिपलं. त्या दिवशी बसवलेली खिडकी उलट्या बाजूने उघडायची, असं ते स्वतःच हसून सांगत.

ही गोष्ट त्यांच्या डोक्यात वीस-बावीस वर्षं पडून होती. शहाऐंशी साली एका जुन्या दाराची फळी हाती लागली आणि ते बसले.

मी शाळामास्तर, संध्याकाळी लीलाधरच्या ऑर्केस्ट्रात निवेदन करायचो. त्यामुळे नाना मला सगळं विचारत, आणि मला काहीच येत नसे. तारा मी जळगावातल्या वाद्यांच्या दुकानातून आणून दिल्या. खुंट्यांच्या जागी त्यांनी सहा बोल्ट बसवले, मागून नट पिळला की तार चढे. कांडी म्हणून स्कूटरच्या पिस्टनमधली पिन. ती हातात धरून ते म्हणाले, “मास्तर, इतकं गुळगुळीत तं लोनीबी नही.”

आवाज पकडायला चुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी लागते, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या पुनाकडे गेले. त्याने दिलेली तार गुंडाळली, तर जोडलेल्या रेडिओतून नुसती घरघर.

“नाना, ही पाच हॉर्सपॉवरची तार आहे,” पुना म्हणाला. “गाणं नाही निघणार, पाणी निघेल.”

मग मोडक्या रेडिओच्या पोटातून केसासारखी बारीक तार काढली. ती चार वेळा तुटली. पाचव्यांदा गुंडाळली, आणि एका दुपारी समोरच्या घरातून तो चालता सूर माझ्या ओट्यावर आला. सुगंधाबाई, त्यांची बायको, भाकरी थापत होत्या. नाना त्यांच्या हाताकडे बघत वाजवत होते, आखाजीच्या सणाचं झोक्यावरचं गाणं. थापटीचा ठेका आणि तो सूर. मी चप्पल न घालताच रस्ता ओलांडला.

शेवटी त्यांनी तारांखाली काळ्या रेघा ओढल्या. गार्डाच्या गिटारीवर कुठला सूर कुठे ते दाखवणाऱ्या होत्या, म्हणून. तारेच्या बरोबर मधोमध कांडी ठेवली की पहिलाच सूर वरच्या सप्तकात निघतो, हे त्यांना कानाने सापडलं होतं. पेटीत या दोन सुरांमध्ये बारा घरं असतात, तीही त्यांनी मोजली होती. मग त्या अर्ध्या तारेचे त्यांनी कंपासने बारा भाग केले. सुताराच्या हाताचे भाग. एकात आणि दुसऱ्यात सूतभर फरक नाही.

लीलाधरचा आडवी गिटार वाजवणारा तेव्हाच सुरतेला निघून गेला होता. “नानांची गिटार ऐक,” मी लीलाधरला म्हटलं. “वाजली तर नानांनाच घे.” रविवार ठरला.

निघताना नानांनी गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळली. “लीलाधरभाऊ नही म्हने तर हिना पाट करसू,” ते बायकोला म्हणाले. हसले नाहीत.

“दोन व्हतीन,” सुगंधाबाई म्हणाल्या. “जावाई येईन तवा कामे पडतीन.” पण लुगड्याची गाठ त्यांनी सोडून पुन्हा घट्ट बांधली.

लीलाधरच्या तालमीच्या खोलीत सात-आठ जण होते. लीलाधरला स्वतः वाजवून बघायची हौस. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि रेघा बघत कांडी फिरवली. पहिला सूर बरोबर, मधोमधचा बरोबर, त्यामधले सगळे उतरलेले. त्याने पुन्हा वाजवलं. तेच. ढोलकीवाला तोंडावर हात धरून हसला.

“नाना, ही गिटार नाही,” लीलाधर म्हणाला. “फूटपट्टी आहे.”

खोली हसली. नानांचा चेहरा उतरला. ते लुगडं उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. भिंतीला टेकवलेली साधी गिटार त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. खिशातली घडीची पट्टी काढून त्यांनी तिच्या पितळी पट्ट्यांमधलं एक अंतर मोजलं, दुसरं मोजलं, तिसरं मोजलं.

“हाई कमी कमी व्हत जास,” ते म्हणाले. “काबर?”

कुणाला माहीत नव्हतं. लीलाधर पंधरा वर्षं गिटार वाजवत होता. त्याने त्या पट्ट्यांकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

“आधी तुम्ही वाजवा, नाना,” मी म्हटलं. “घरी वाजवता तसं.”

ते खुर्चीवर बसले, रेघांकडे न बघता दाराकडे बघत राहिले, आणि आखाजीचं तेच गाणं सुरू झालं. एकही सूर उतरला नाही. घरी त्यांनी रेघा पाहून कधी वाजवलंच नव्हतं, म्हणून ती चूक इतके दिवस त्यांच्या मांडीवर असून त्यांना भेटली नव्हती. ढोलकीवाल्याचा हात आपोआप कातड्यावर गेला.

गाणं संपल्यावर लीलाधर म्हणाला, “चोपड्याला गुरुवारी कार्यक्रम आहे, नाना. तुम्हीच या. गाडी दारात येईल.”

नाना गिटार खुर्चीवर ठेवून पुन्हा त्या भिंतीपाशी गेले होते. कानामागची पेन्सिल काढून तळहातावर आकडे लिहीत होते. तळहात भरला, तेव्हा मनगटावर.

“नाना, ऐकलं का? पाट नाही करायचे आता,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मला की आकड्यांना, कळलं नाही. घाम लागून आकडे पुसू नयेत म्हणून त्यांनी बोटं फाकवून हात पुढे धरला, खुर्चीवरच्या गिटारीला वळसा घातला, आणि ती तिथेच सोडून ते घरच्या कंपासकडे निघाले.