अब्बांचं बोट

टाळेबंदी लागली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. धुळ्याच्या मदरशात राहून कुराण तोंडपाठ करत होते. कुराणाचे तीस भाग, तीस पारे; त्यांतले अठरा झाले होते. निघताना आपांनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, एकच गोष्ट बजावली: रोज कुणालातरी ऐकवत जा. सारख्या ओळी ठिकठिकाणी येतात. जीभ एका सूरेतून, एका अध्यायातून, निघून दुसरीत शिरते आणि म्हणणारीला पत्ता लागत नाही.

पाचोऱ्याच्या आमच्या घरी ऐकायला अब्बा. गावोगाव फिरून कापड विकणं बंद होतं. दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की ते कुराण उघडून ओळीवर बोट ठेवत. मी म्हणत जाई, बोट सरकत जाई. एकही चूक निघत नव्हती. मी फारच हुशार ना!

एका संध्याकाळी अडखळले आणि हळूच पानाकडे पाहिलं. बोट भलत्याच सूरेवर होतं.

"बराबर शे ना, बेटा?" अब्बांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

झाकली मूठ झाकलेलीच बरी. त्यांची लाज राखतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर कुणी टोकत नव्हतं, तेच मला सोयीचं होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं.

मदरसा उघडला. अब्बा माझी पेटी घेऊन दाराच्या पडद्याबाहेर थांबले. आत आपा डोळे मिटून ऐकत होत्या. चूक झाली की त्या नखाने मेजावर टकटक करत. पहिल्याच पानावर टकटक. मग पुन्हा. मग दर ओळीला. दुसरा पारा, पाचवा पारा, सगळीकडे तेच. अठरा पाऱ्यांची नुसती खिचडी झाली होती.

"घरी कोण ऐकत होतं?"

"अब्बा."

"मग त्यांनी एकदाही टोकलं नाही?"

तेवढ्यात पडद्यापलीकडून अब्बांचा आवाज आला, "चूक माझी आहे, आपा. मला अरबी वाचता येत नाही. मी नुसतं बोट फिरवायचो. पोरीला माहीत नव्हतं."

मला माहीत होतं. तोंड उघडायला तीच वेळ होती आणि मी गप्प बसले.

आपांनी मला पहिल्या पाऱ्यापासून बसवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. अब्बा पेटी ठेवून, कुणाकडे न बघता पाचोऱ्याला परत गेले. आज माझे तीसही पारे पाठ आहेत. अब्बा सगळ्यांना कौतुकाने सांगतात, माझ्यामुळे पोरीची दीड वर्षं वाया गेली, तरी तिने करून दाखवलं. मी शेजारी उभी राहून ऐकते.