फौजदारीणबाई आणि वरचा निरोप

गिर्यारोहणाच्या मोहिमा नेणाऱ्या कंपनीत वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे फौजदारीणबाई म्हणत. दूधवाल्याने "ताजं आहे" म्हटलं की बाई आधी नाकाला लावून बघणार. वरून मदतीचा निरोप आला की हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही, हे त्याच ठरवत. अशा कामाला असाच स्वभाव बरा, असं मालकाचंही मत होतं.

संशयाला कारण होतं. हौशी पाहुणे वर जाऊन दमले की त्यांना उतरायचा कंटाळा येई. मग कुणाच्या छातीत दुखे, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. गेल्या मोसमात अशाच एका नाटक्याला आणायला हेलिकॉप्टर गेलं, आणि पलीकडे खरोखर पाय मोडून पडलेला माणूस सकाळभर बर्फात राहिला. जीव वाचला, पाय गेला. नाटक्या मात्र खाली उतरून भांग पाडत होता. तो भांग आठवला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्या दुपारी दुसऱ्या तळावरून एक पाहुणा बोलला. याचं गुडघ्याचं रडगाणं आधी दोनदा ऐकून झालं होतं. आता म्हणाला, "तुमचा वाटाड्या ठीक नाही. झोकांड्या जातायत त्याच्या. हेलिकॉप्टर पाठवा."

वाटाड्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. स्वतःचं दुखणं पुरलं नाही, म्हणून आता दुसऱ्याचं उसनं घेतोय मेला, बाई मनात म्हणाल्या. "त्याला द्या जरा."

"मी ठणठणीत आहे, ताई," भाऊ म्हणाला. "यांनाच चालायचं नाहीये."

बाईंचा जीव भांड्यात पडला. सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई भावाच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवी. सवयीने त्या त्याच्यावर घसरल्या. "असली माणसं घेऊन जाऊ नकोस म्हणून कितीदा सांगितलं? पण ऐकशील तर शपथ. अक्कल गहाण टाकलीस का?"

"बरं, ताई. चुकलं."

बाईंनी इअरफोन कानावर घट्ट दाबला. या पोराने जन्मात कधी उलट उत्तर दिल्याशिवाय त्यांचं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं. आजारी आईच्या उशाशी बसूनसुद्धा दोघं औषधाच्या वेळेवरून कडाकडा भांडले होते.

"तुझी मुलगी कितवीत आहे रे?"

बराच वेळ नुसती खरखर. "पाचवीत... नाही. ताई, झोपतो जरा."

त्यांनी लगेच वैमानिकाला फोन लावला. तेवढ्या विरळ हवेत एका खेपेत एकालाच उचलता येतं. "वाटाड्याला आणा. नको म्हणाला तरी आणा. पाहुणा दुसऱ्या तुकडीबरोबर चालत उतरेल."

ढग टेकायच्या आत हेलिकॉप्टर परतलं. उंचावरच्या विरळ हवेने भावाच्या मेंदूला सूज आली होती. आणखी उशीर झाला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर भावाने बाईंचा हात धरला. "मालकाला सांग, पाहुणाच आजारी होता. आजारी वाटाड्याला पुन्हा कोण वर नेतं?"

त्याला दुसरं काम येत नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक? तरीही त्या मालकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊच आजारी होता. पाय लटपटत असताना ठणठणीत आहे म्हणाला. त्याला परत वर पाठवू नका. माझा आता त्याच्यावर विश्वास नाही." मग जिन्यात बसून पोटभर रडल्या.

भावाने धरलेला अबोला अजून सुटलेला नाही. कामावर जाताना बाई त्याच्या दारापाशी रेंगाळतात. आतून मुलीशी हुज्जत घालणारा त्याचा आवाज ऐकू आला की पुढे चालू लागतात.