मध्येच तोंड घालायची शिकवणी

माझं शिक्षण सातवी. तीही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेली. तरी दुबईत मी एका जपानी इंजिनियरला इंग्रजी शिकवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज, हे कुणाला सांगू नका." म्हणून लिहून ठेवतोय.

खरी शिकवणारी बायको. ती ऊद मेथाच्या शाळेत इंग्रजीची टीचर होती. रिटायर झाल्यावर करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जपानी लोकांच्या शिकवण्या घ्यायला लागली. आधी कंपनीवाल्यांच्या बायका आल्या, मग कॉलेजातली दोन पोरं, मग ऑफिसातले लोक. येताना चपलाबूट दाराशी काढायचे आणि त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायचे. आमच्या मजल्यावर पादत्राणं इतक्या शिस्तीत कधी उभी राहिली नव्हती.

मी जन्मभर एसीच्या कामात. डक्ट, चिलर, कॉम्प्रेसर. हेल्परचा फोरमन झालो तो इथेच. इंग्रजीही साइटवरच शिकलो. मल्याळ्याला समजतं, पठाणाला समजतं, मिसरीला, म्हणजे इजिप्तवाल्याला, समजतं. फक्त गोऱ्या साहेबाला समजत नाही, पण तो साइटवर येतो कशाला?

बायको मला "अहो" म्हणायची. जपान्यांतली एक बाई एकदा धीर करून तिला म्हणाली, टीचर, आमच्या गावाकडे 'अहो' म्हणजे मूर्ख. तुम्ही त्यांना दिवसभर असं म्हणता आणि ते ओ देतात. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशीही मला अहोच म्हणाली. बदल करावा असं तिला वाटलं नाही. जपान्यांना मात्र तिने सांगितलं, यांना काका म्हणा. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे मागे सान लावलं. मी काकासान झालो.

आता तो इंजिनियर. एका टॉवरच्या कामावर केबलिंगचं बघायचा. व्याकरण एकदम पक्कं. पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नव्हता. बायकोने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, दुसऱ्याचं बोलणं संपल्याशिवाय आपण बोलू नये. संपल्यावरही जरा थांबावं, न जाणो त्याला आणखी काही आठवलं तर.

साइटची मीटिंग मी पाहिलेली आहे. मिसरी मॅनेजर, मल्याळी प्लॅनिंगवाला, पंजाबी कॉन्ट्रॅक्टर. तिघं एकदम बोलतात, चौथा फोनवर ओरडत असतो. तिथे कुणाचं बोलणं संपत नाही, जेवणाची वेळ होते आणि सगळे उठतात. हा बिचारा महिनोन्‌महिने मधली फट शोधत बसला होता.

आणि त्याची गच्छंती जवळ आली होती. टोकियोहून मोठा साहेब येणार, मीटिंगला मागे बसणार. याने तोंड उघडलं नाही तर याला परत नेणार, दुसरा आणणार. त्याला जायचं नव्हतं. त्याची मुलगी इथल्या शाळेत रमली होती आणि जपानात बोलायची त्यापेक्षा जास्त बोलायला लागली होती. घरात एकाने तरी बोलावं म्हणून तो इथे राहू बघत होता.

बायकोने उपाय काढला. मला बोलावलं आणि म्हणाली, "अहो, इथे बसा आणि बोलत राहा. थांबायचं नाही. तुम्हाला जमेल."

"कशावर बोलू?"

"कशावरही. तुम्हाला विषय लागतो कधी?"

त्याने मला मध्येच तोडायचं, हा अभ्यास. मी कॉम्प्रेसर जळाल्याची गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकली. चिलर पडल्याची सांगितली. तीही ऐकली. बायको मागून खुणा करायची, तोड, तोड. तो मान डोलवायचा आणि ऐकत राहायचा. लग्नानंतर माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

मग बायको आजारी पडली. हॉस्पिटलात गेली, आणि परत आली नाही.

मुलगा अजमानला राहतो. म्हणाला, बाबा, फ्लॅट सोडा, आमच्याकडे या. मी म्हटलं, बघू. सगळ्या विद्यार्थ्यांना त्याने मेसेज केले की क्लास बंद. तरी ठरलेल्या वारी बेल वाजली. दारात इंजिनियर. काळा सूट, हातात पांढरी फुलं. कमरेतून वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी म्हटलं, "कम, कम, एसी गोइंग आउट." मग आत आला.

आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. मी समोर बसलो. आता घरात शांतताच शांतता होती, हवी तेवढी फट होती, तरी हा बोलेना. शेवटी मीच विचारलं, "यू कम फॉर क्लास?"

तो म्हणाला, तुम्हाला त्रास होणार नसेल तर. साहेब पुढच्या महिन्यात येतोय.

चहाला दूध गॅसवर ठेवलं आणि क्लास सुरू केला. कॉम्प्रेसरच्या गोष्टी संपल्या होत्या. दुसरं काही सुचेना, म्हणून हॉस्पिटलचं सांगायला लागलो. ताप कसा आला, डॉक्टर काय म्हणाले. वॉर्डातली फिलिपिनो नर्स दिवा लावताना "ओपन द लाइट" म्हणायची. नाकात नळी असताना बायको तिला शिकवायची, ओपन नाही गं, स्विच ऑन. नर्स तिला मॅम टीचर म्हणायला लागली. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. त्याला घाई असते.

जपानी ऐकत होता. बोलून बोलून मी थांबलो. त्यानेही नेहमीप्रमाणे जरा वाट पाहिली. मग म्हणाला, "काकासान, मिल्क इज बर्निंग."

किचनमध्ये धूर. पातेलं कोळसा.

"यू नो बिफोर?"

"यस."

"कधीपासून?" हे मराठीत निघालं, पण त्याला समजलं.

तो म्हणाला, गोष्टीत नर्स आली तेव्हापासून. पण तुम्ही टीचरबद्दल बोलत होता.

मी भडकलो. म्हटलं, गाढवा, दूध जळत असेल तर देव जरी बोलत असला तरी त्याला थांबवायचं. उद्या बिल्डिंग पेटली तरी तू माझं संपायची वाट बघशील काय? उभा राहा. बोल. "एक्स्क्यूज मी, मिल्क इज बर्निंग!" त्याने म्हटलं. मी म्हटलं, मोठ्याने. त्याने परत म्हटलं. कान लाल झाले, पण आवाज शेजारच्या मल्याळ्यापर्यंत गेला. तो बघायला आला.

तेव्हापासून प्रत्येक क्लासला मी मुद्दाम दूध ठेवून बोलायला बसायचो. पुढच्या वेळी त्याने नुसतं किचनकडे बोट दाखवलं. मी बघितलं नाही. पातेलं गेलं. त्याच्या पुढच्या वेळी अर्धा उठला आणि परत बसला. तेही पातेलं गेलं. मग एकदा दूध नुकतं वर येत होतं, मी ऑक्सिजनच्या बाटलीचं सांगत होतो, आणि त्याने वाक्याच्या मधोमध मला कापलं. "एक्स्क्यूज मी!" मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशीचा चहा चांगला झाला.

साहेबाच्या मीटिंगची गोष्ट त्याने मीटिंग झाली त्याच संध्याकाळी येऊन सांगितली. पाण्याचा पाइप त्याच्या केबलच्या बरोबर वर आला होता. सीलिंग बंद झालं की पुढे पाणी ठिबकणार आणि केबल जाणार, हे फक्त त्याला दिसत होतं. त्याने हात वर केला. कुणी बघितलं नाही. मागे टोकियोचा साहेब वही उघडून बसलेला. तिघं एकदम बोलत होते. मिसरी म्हणाला, "खलास, क्लोज द सीलिंग, यल्ला." सगळे उठायला लागले.

तेव्हा हा ताडकन उभा राहिला. पाठ केलेलं वाक्य वेगळं होतं, पण तोंडातून निघालं ते माझ्याकडचं. अख्ख्या मीटिंगमध्ये ओरडला, "एक्स्क्यूज मी! मिल्क इज बर्निंग!"

एकदम शांत. फोनवालासुद्धा. पंजाबी उठून पँट्रीत बघून आला.

त्या फटीत याने पाइप, केबल, पाणी सगळं सांगून टाकलं. मिसरी म्हणाला, "हबीबी, व्हाय यू नॉट टेल बिफोर?" सीलिंग थांबलं.

मी विचारलं, "तुझा बॉस?"

बॉसने नंतर बाजूला घेऊन दुधाचं काय म्हणून विचारलं. याने सांगितलं, तसं म्हणायची इथली पद्धत आहे. बॉसने ते वहीत लिहून घेतलं. याची बदली रद्द झाली.

आता त्याला क्लासची गरज नाही. ठरलेल्या वारी येतो तरी. बूट दाराकडे तोंड करून ठेवतो, खुर्चीत बसतो, आणि मला धड बोलू देत नाही. वाटेल तिथे तोडतो. मुलीचं सांगतो, साइटचं सांगतो. मीच बिघडवलाय, तक्रार कुणाकडे करणार?

मी हॉस्पिटलचं तेवढं पुरं करायचं म्हणतो. परवा शेवटच्या सकाळपर्यंत आलो होतो. नर्सने पडदा सरकवला इथपर्यंत सांगितलं, तर हा म्हणाला, "वन मिनिट, काकासान."

मी म्हटलं, "मिल्क नो. गॅस ऑफ."

"आय नो," तो म्हणाला. "ते दिव्याचं परत सांगा."

मग मी ते परत सांगितलं. ओपन नाही गं, स्विच ऑन.